बाळंतिणीच्या घरात मारहाण होत असेल तर: आरोग्य सेविकेनं भेटीगणिक काय करावं

बाळ चौदा दिवसांचं होतं. वजन झालं, बेंबी कोरडी होती, बाळ नीट ओढत होतं. आईच्या डाव्या दंडावर मात्र बोटांचे चार निळे वळ होते. "गोठ्यात घसरले," ती म्हणाली. तिच्या आधी सासूनं हेच वाक्य याच शब्दांत सांगितलं होतं. मी 'आई व बाळ ठीक' असं लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसींना ही बाई मला आणखी तीनदा भेटणार हे मला माहीत होतं. त्या तीन भेटींत काय करायचं, हे मात्र मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

ते पुढे हळूहळू कळत गेलं. उपकेंद्रावरच्या आरोग्य सेविका, आशाताई, शहरातल्या हेल्थ पोस्टवरच्या सिस्टर यांच्यासाठी ते इथे लिहिते आहे.

आधी एक आकडा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण चौघींत एक असं आहे. ज्यांनी अशी हिंसा सोसली त्यांच्यातल्या फक्त १४ टक्के जणींनी कुणाची मदत मागितली आणि ७७ टक्के जणी कुणाशीच काही बोलल्या नाहीत. बाळंतिणीला तर सव्वा महिना उंबरा ओलांडता येत नाही. त्या दिवसांत तिच्या खोलीपर्यंत हक्कानं जाणारी घराबाहेरची बाई बहुतेक वेळा आपणच असतो.

घरात शिरताना काय बघायचं

वळ आणि जखमा सगळ्यांना दिसतात. पण जखमेपेक्षा तिच्याबद्दल सांगितलेली गोष्ट जास्त बोलते. कारण जखमेशी जुळत नाही, एक वळ पिवळा तर दुसरा ताजा असतो, दवाखान्यात जायला तीन दिवस उशीर झालेला असतो. खालचे टाके पुन्हा उसवलेले असतील तर कुणी जबरदस्ती केली का, हा विचार मनात यायलाच हवा.

बाकीच्या खुणा बारीक असतात. आपण बाळंतिणीला विचारतो आणि उत्तर दुसरंच कुणी देतं. लोहाच्या गोळ्या घरात असून संपत नाहीत, कारण त्या सासूच्या कपाटात आहेत. मातृवंदना योजनेचे पैसे तिच्या खात्यात आले, पण पासबुक तिनं पाहिलेलं नाही. मुलगी झाली, विशेषतः दुसरी किंवा तिसरी, आणि घरात बारशाचं नावही कुणी काढत नाही. तिचा फोन 'बिघडला' आहे आणि तो दुरुस्त होतच नाही.

दुधाचं जरा सविस्तर सांगते. "हिला दूधच नाही" हे वाक्य अशा घरात फार ऐकू येतं आणि ते टोमणा म्हणून वापरलं जातं. भीतीनं आणि ताणानं दूध तयार होणं एकाएकी थांबत नाही, पण पान्हा फुटायला वेळ लागतो. बाळ रडतं, घरचे बाटली आणतात, बाळ छाती कमी ओढतं आणि मग दूध खरंच कमी होतं. बाळाचं वजन वाढत नसेल तर फक्त पकड तपासून थांबू नका. दूध पाजताना तिच्या समोर कोण बसलेलं असतं, तेही बघा.

तिला एकटीला गाठणं

ही सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी. घरात कुणीही असताना हा विषय काढायचा नाही. नवरा नको, सासू नको, नणंद नको, तिची स्वतःची आईसुद्धा नको. दोन वर्षांपेक्षा मोठं, बोलणारं मूलही नको, कारण ते संध्याकाळी बापाला सगळं सांगतं.

निमित्त आपल्या कामातच असतं. "टाके बघायचेत, अंगावरून किती जातंय ते बघायचंय" म्हटलं की पुरुष आपोआप बाहेर जातात. सासूला सांगा, "मावशी, बाळाला जरा कोवळ्या उन्हात घेऊन बसा, मी हिची छाती तपासते." नातवंड हातात आलं की बहुतेक सासवा उठतात. तरीही जी उठत नाही तिच्याशी वाद घालू नका. त्या दिवशी फक्त तपासणी करा आणि ती उठली नाही हे लक्षात ठेवा.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे लसीकरणाचं सत्र. लस दिल्यावर अर्धा तास थांबवायचा नियम आहेच. अंगणवाडीत कोपऱ्यातली एक खुर्ची, एक पडदा आणि हा अर्धा तास. घरच्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. मला बायका जे बोलल्या त्यातलं बहुतेक याच अर्ध्या तासात बोलल्या.

विचारायचं कसं

'हिंसाचार', 'छळ', 'अत्याचार' हे शब्द वापरू नका. ते पेपरातले शब्द आहेत, बायका स्वतःच्या घराबद्दल ते वापरत नाहीत. त्या 'त्रास', 'जाच', 'हात उचलतात', 'पिऊन आले की', 'संशय घेतात', 'टोचून बोलतात' असं म्हणतात. आपणही तसंच बोलायचं. मी साधारण असं विचारते:

"बाळंतपणानंतर घरात चिडचिड वाढते, म्हणून मी प्रत्येक बाळंतिणीला हे विचारते. घरात कुणी तुला टाकून बोलतं का? कधी हात उचलतं का? पोटभर जेवायला मिळतं का?"

पहिल्या प्रश्नाला ती मान हलवते. दुसऱ्याला गप्प होते. मग हळूच: "सव्वा महिना व्हायच्या आत मालक जवळ येतात का? तुझ्या मनाविरुद्ध?" हा प्रश्न विचारायला मला स्वतःला फार वर्षं लागली. पण मी विचारला नाही तर तो कुणीच विचारणार नव्हतं.

शहरातल्या, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बाईलाही हेच प्रश्न विचारायचे. फ्लॅटचं दार बंद असतं, आवाज बाहेर येत नाही, एवढाच फरक.

ती बोलली तर पहिली पाच मिनिटं

पेन खाली ठेवा, बसून घ्या आणि ऐका. मधे तोडू नका. "मग तू उलटून काय म्हणालीस?" हे चुकूनही विचारायचं नाही, त्यात दोष तिच्यावर जातो. तिचं बोलून झालं की मी तीन गोष्टी सांगते: "तू सांगितलंस ते मला खरं वाटतं. यात तुझी चूक नाही. तुला विचारल्याशिवाय मी हे घरात कुणाला सांगणार नाही."

काही वाक्यं आपल्या तोंडात लहानपणापासून बसलेली असतात. 'पोर झालं ना, आता सुधारेल.' 'संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच.' 'जरा सहन कर, मुलाकडे बघ.' ही वाक्यं गिळून टाका. "एवढं होतंय तर निघून का जात नाहीस?" हेही नको. निघणं हा बऱ्याचदा सगळ्यात धोक्याचा काळ असतो आणि तिला ते आपल्याहून जास्त कळतं.

नवऱ्याला समजवायला जाऊ नका. "मी बोलते त्यांच्याशी" यामागे चांगला हेतू असतो, पण रात्री मार तिला पडतो. दोघांना समोरासमोर बसवून तडजोड घडवणंही नको. गावात प्रकरण लगेच तंटामुक्ती समितीकडे किंवा भावकीच्या बैठकीत न्यायची घाई होते. तिथे तिच्या बाजूनं बोलणारं बहुतेक कुणी नसतं आणि 'मिटलं' म्हटल्यावर तिला पुन्हा तोंड उघडायची सोय राहत नाही.

आजची रात्र कशी जाईल?

हे त्याच भेटीत विचारायचं. मारहाण अलीकडे वाढली आहे का? पोटुशी असताना मारलं होतं का? कोयता, विळा, काठी उगारली का, रॉकेल ओतण्याची धमकी दिली का? गळा दाबला का? सतत संशय घेतो का? आणि शेवटी, "तो तुला जिवे मारेल असं तुला वाटतं का?" या शेवटच्या प्रश्नाचं 'हो' कधीच हलक्यात घेऊ नका. तिचा अंदाज आपल्यापेक्षा बरोबर असतो.

गळा दाबल्याचं तिनं सांगितलं तर बाहेरून खूण नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत रक्ताचे ठिपके, दम लागणं यांतलं काहीही असेल तर १०८ बोलवा. त्रास एक-दोन दिवसांनीही वाढू शकतो.

जीव आत्ताच धोक्यात असेल तर ११२. बाकी वेळी पोलिसांत जायचं की नाही, हे सज्ञान बाईनं ठरवायचं.

तिच्या मनाचंही विचारा. "जगावंसं वाटत नाही असं होतं का? बाळाला काही करावं असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट ती मोकळी होते. 'हो' म्हणाली तर तिला एकटीला सोडू नका, त्याच दिवशी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे.

बाळाला पूर्ण उघडं करून बघा. जे बाळ अजून पालथंही पडत नाही, त्याच्या अंगावर वळ यायचं काही कारण नाही. आढळला तर डॉक्टर आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

पुढचं मूल कधी, हे कुणी ठरवायचं

मुलासाठी लगेच दुसरी खेप, हा त्रासाचाच एक प्रकार आहे. इथे आपल्या हातात खरंच काहीतरी असतं, म्हणून यावर थोडं थांबते. निरोध नवऱ्याच्या मर्जीवर चालतो. छाया या गर्भनिरोधक गोळ्या दूध पाजणाऱ्या आईला चालतात, पण पाकीट घरात सापडू शकतं. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी सुरू करता येतं आणि दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं. त्याचं कार्ड उपकेंद्रातच ठेवा. पाळी अनियमित होईल किंवा अंगावर लाल दिसेल, हे तिला आधीच सांगा, नाहीतर त्यावरूनही घरात संशय सुरू होतो. तांबी बसवली असेल आणि नवऱ्याला दोरा लागेल अशी भीती असेल, तर डॉक्टरांना दोरा आखूड कापायला सांगता येतं. कोणतं साधन वापरायचं, हे तिनंच निवडायचं. घरच्यांनी लादणं जितकं चूक, तितकंच आपण लादणंही.

लिहायचं कुठे, आणि कुठे अजिबात नाही

माता-बाल संरक्षण कार्डावर यातला एक शब्दही लिहू नका. ते कार्ड घरातल्या फळीवर असतं आणि कुणीही वाचतं. आशाताई घरोघर नेतात त्या गृहभेटीच्या फॉर्मवरही नको. प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कपाटात, कुलपात राहील अशी वेगळी नोंदवही ठेवा.

नोंद तिच्या शब्दांत करा: 'नवऱ्यानं काल रात्री पट्ट्यानं पाठीवर मारलं असं सांगते.' 'मार लागल्याचा आरोप' असं नको. जखम कुठे आहे, किती सेंटिमीटर आहे, तिचा रंग काय, तारीख, वेळ. माणसाच्या आकृतीवर खूण करा. पुढे कोर्टात हा कागद तिच्या कामी येतो. मोठी जखम असेल तर डॉक्टर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करतील. ते म्हणजे काय आणि पोलिसांना कळवलं जाईल, हे तिला आधी समजावा.

कुणाला सांगायचं हाही प्रश्न असतो. आशाताई आपल्या उजव्या हाताची माणसं आहेत, पण त्याच गावच्या सुना असतात. कधी कधी मारणारा आशाताईचाच चुलत दीर निघतो. अशा वेळी बाळंतिणीलाच विचारा, "आशाताईला सांगू का?" ती नको म्हणाली तर सांगू नका.

रस्ता दाखवायचा तो नेमका

'महिला आयोगाकडे जा' असं मोघम सांगून काही होत नाही. तालुक्यातल्या लोकांची नावं, खोली नंबर आणि बसायचे वार आपल्याला माहीत हवेत. एकदा स्वतः जाऊन भेटून या.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा तिचं मुख्य हत्यार आहे. त्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती, पैसे आणि अन्न अडवणं हे सगळं येतं. नवऱ्याची जबरदस्ती पत्नी सज्ञान असेल तर फौजदारी कायद्यात बलात्कार धरली जात नाही, पण या कायद्यात अशा जबरदस्तीविरुद्ध दाद मागता येते. सासू-नणंदेविरुद्ध अर्ज करता येतो आणि माहेरी भावाकडून त्रास असेल तरीही करता येतो.

यासाठी संरक्षण अधिकारी असतात, महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. अधिकारी कौटुंबिक घटना अहवाल भरून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. दंडाधिकाऱ्यांनी पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत ठेवावी आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हे तिला खरं सांगा. पण अंतरिम आदेश आधी मिळू शकतो. आपल्यासाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या: अहवाल नाही म्हणून कोणत्याही दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत, आणि अहवाल झालेला नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखानंच तो भरून संरक्षण अधिकाऱ्यांकडे पाठवायचा असतो. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर कोणतीही कारवाई होत नाही.

बायका दोन गोष्टींना सगळ्यात जास्त घाबरतात: घर जाईल आणि मूल हिसकावतील. घर तिच्या नावावर नसलं तरी तिथे राहायचा हक्क हा कायदा देतो आणि मुलाचा तात्पुरता ताबाही त्यात मागता येतो. हिंदू कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडेच ठेवतात. वकिलाचे पैसे नसले तरी अडत नाही. बाईला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत जायचं किंवा १५१०० ला फोन करायचा.

सखी वन स्टॉप सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. तिथे उपचार, समुपदेशन, पोलिस आणि वकिलाची मदत एकाच जागी मिळते आणि बाळासकट पाच दिवसांपर्यंत राहता येतं. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे. १९८४ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेनं पोलिसांबरोबर महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. आज राज्यभर असे कक्ष पोलिसांच्या आवारात आहेत आणि तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात. मुंबईत असाल तर पालिकेच्या रुग्णालयांतली दिलासा केंद्रं माहीत करून घ्या. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात पहिलं सुरू झालं. बाईला 'तपासणीला जाते' म्हणून रुग्णालयात येता येतं आणि तिथंच कुणी तिचं ऐकून घेतं. याचा फायदा मोठा आहे.

आई अठराच्या आतली असेल तर गोष्ट वेगळी होते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे तिची संमती विचारायची मुभा आपल्याला नाही. म्हणून वयाचा अंदाज आला की 'कुणाला सांगणार नाही' असं वचन आधी देऊ नका.

निघावं लागलंच तर

तिच्याबरोबर बसून ठरवा: भांडण पेटलं की चुलीजवळून, विळी-कोयत्याजवळून, बंद न्हाणीतून दूर कसं सरकायचं. शेजारच्या कुणाला कोणती खूण करायची. पहाटेची एसटी किती वाजता असते. आधार, रेशनकार्ड, पासबुक, लग्नाचा दाखला, प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड, बाळाचा जन्मदाखला यांच्या झेरॉक्स घराबाहेर कुठे ठेवायच्या. जन्माची नोंद एकवीस दिवसांत विनामूल्य होते, तेवढी आपण लगेच करून घ्यावी.

पत्रकं हातात देऊ नका. नंबर पाठ करून घ्या किंवा फोनमध्ये 'लस सिस्टर' असा साठवा. व्हॉट्सॲपवर या विषयावर काहीही पाठवू नका.

माहेरची नोंद सासरी पोचते का?

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तिथल्या उपकेंद्राची सिस्टर सहा आठवडे बघते, बाळ चांगलं गुटगुटीत होतं आणि मग ओटी भरून तिला सासरी पाठवतात. मारहाण पुन्हा सुरू होते ती तिथे, आणि तिथल्या सिस्टरला काहीच माहीत नसतं. तिची परवानगी घेऊन, ती जायच्या आधी, दुसऱ्या उपकेंद्राच्या सिस्टरला स्वतः फोन करा. फोनवर नाव आणि लसीची पुढची तारीख एवढंच सांगा, बाकी प्रत्यक्ष भेटीत. हे आपल्या कुठल्याच फॉर्मवर नाही, म्हणून आपणच करायचं.

ती नाही म्हणाली तर

बहुतेक जणी पहिल्यांदा नाहीच म्हणतात. मग ताणायचं नाही. "बरं. मी दर बुधवारी अंगणवाडीत असते," एवढं म्हणायचं आणि पुढच्या लसीला पुन्हा विचारायचं.

सुरुवातीला सांगितलेल्या बाईला मी सहाव्या आठवड्यात विचारलं. "तसं काही नाही, सिस्टर." दहाव्या आठवड्यात ती हसली आणि बाळाचं टोपडं नीट करत बसली. चौदाव्या आठवड्यात लस दिल्यानंतर मी काही विचारायच्या आत तिनं पदर खांद्यावरून सरकवला. बोलायला वीस मिनिटं लागली. सासू बाहेर चपला घालत होती तेव्हा तिनं बाळाच्या दुपट्यातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. रेशनकार्डाची झेरॉक्स होती.

"तुमच्याकडे राहू दे," ती म्हणाली. "बाकीचे कागद पुढच्या बुधवारी आणते."